कंसातले व्यवधान

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची वाक्ये उतरवून घेण्यात गेली. एका निमसरकारी कार्यालयात मी लघुलेखक होतो. मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो खरा, पण बैठकीत तिघे जण एकदम बोलू लागले की ती परीक्षा काही कामाची नाही, हे पहिल्याच महिन्यात कळले. एकाचे वाक्य अर्धे घ्यायचे, दुसऱ्याचा शेरा लक्षात ठेवायचा, तिसऱ्याकडे दुर्लक्ष करायचे आणि साहेबांनी शेवटी जे सांगितले ते मात्र अक्षरशः लिहायचे, अशी एक रीत हाताला लागून जाते. इतिवृत्त लिहायला बसलो की एक वाक्य आयते तयार असे : ‘सविस्तर चर्चेअंती विषयास मान्यता देण्यात आली.’ त्या ‘सविस्तर’मध्ये कधी दोन तासांची हमरीतुमरी असे, तर कधी चहा येईपर्यंतची चार मिनिटे. कागदावर दोन्ही सारखीच दिसत.

निवृत्तीनंतर हाताची सवय मोडू नये म्हणून मी राज्यसभेचे प्रक्षेपण लावून भाषणे लघुलिपीत उतरवू लागलो. लोकसभा सोडून राज्यसभा निवडली ती केवळ सोयीसाठी. तिथे माणसे थोडी सावकाश बोलतात, असा माझा समज होता. (तो पुष्कळसा चुकीचा निघाला.) राज्यसभेचे १९५२ पासूनचे शब्दशः वृत्तांत कोणालाही वाचता येतात, त्यामुळे माझी वही त्यांच्याशी ताडून पाहता येते. या ताडून पाहण्याच्या नादात जुने वृत्तांत वाचण्याची चटक लागली आणि त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटू लागला. हिंदी भाषणाच्या मध्येच, मागेपुढे टिंबे देऊन, कंसात छापलेला : (व्यवधान).

हा शब्द म्हणजे लघुलेखकाची शरणागती आहे. अनेक जण एकाच वेळी बोलत आहेत आणि कोणाचे काय ते वेगळे काढता येत नाही, किंवा हे नोंदवू नका असे पीठासनावरून सांगण्यात आले आहे, अशा वेळी तो तेवढा एक शब्द लिहितो आणि पुढे जातो. बराच काळ मी या कंसांची संख्या हेच सभागृहाच्या घसरणीचे माप मानत होतो. पानावर कंस थोडे असले की दिवस चांगला गेला, कंसांची गर्दी झाली की वाईट. आमच्या पिढीत असे मानणारे पुष्कळ आहेत. ‘पूर्वी काय भाषणे होत’ या वाक्याने त्यांची संसदेवरची चर्चा सुरू होते आणि त्याच वाक्याने संपते.

माझे मत बदलले ते एका जुन्या प्रसंगामुळे. २ सप्टेंबर १९५३ रोजी वरिष्ठ सभागृहात आंध्र राज्याच्या निर्मितीच्या विधेयकावर चर्चा चालू होती. सभागृहाला अजून ‘राज्यसभा’ हे नाव मिळायचे होते; ते पुढच्या वर्षी, २३ ऑगस्ट १९५४ रोजी जाहीर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडून मुंबई राज्यातून या सभागृहात आलेले होते. भाषिक राज्यांत जे समाज संख्येने थोडे आहेत त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार का नसावेत, हा त्यांचा मुद्दा होता. त्या ओघात ते म्हणाले की घटनेचा कर्ता म्हणून मला सतत ऐकवले जाते, पण मला जे सांगण्यात आले ते मी केले, आणि पुष्कळसे मनाविरुद्ध केले; ही घटना जाळायला निघणारा पहिला माणूस मीच असेन. हे वाक्य पुढे कितीतरी लोकांनी आपापल्या सोयीने वापरले. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यानंतरचे पान. दीड वर्षाने, मार्च १९५५ मध्ये, चौथ्या घटनादुरुस्तीच्या विधेयकावर ते बोलत असताना एका सदस्याने त्यांना मध्येच टोकले. मागे तुम्ही घटना जाळण्याची भाषा केली होती, तिचे काय, असा त्याचा रोख होता. आंबेडकरांनी तो प्रश्न उडवून लावला नाही. उत्तर हवे आहे का, असे विचारून त्यांनी ते तिथल्या तिथे दिले : देवाने येऊन राहावे म्हणून आम्ही मंदिर बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच राक्षसाने ते बळकावले, मग मंदिर पाडण्याखेरीज दुसरे काय करणार?

टोकणारा गप्प बसला असता तर जाळण्याचे वाक्य तेवढे उरले असते आणि त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाचा लावला असता. ते वाचल्यापासून मी कंस मोजणे सोडले आणि कंसाच्या आधी कोण बोलत होते, नंतर कोण बोलले, हे पाहू लागलो. वाक्यात शिरलेल्या माणसाला कधी उत्तर हवे असते, आणि कधी उत्तर निघूच नये यासाठी तो शिरलेला असतो. वृत्तांतात दोहोंसाठी शब्द एकच आहे. कोणत्या दिवशी यांपैकी कोणते घडेल, हे सदस्यांच्या सौजन्यावर फारसे अवलंबून नसते, असे माझे वाचून वाचून झालेले मत आहे. ते बहुतेक वेळा बेरजेवर अवलंबून असते.

हे सभागृह का असावे, यावर संविधान सभेत जुलै १९४७ मध्ये वाद झाला तेव्हा एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी त्याच्याकडून माफक अपेक्षा सांगितल्या होत्या. मोठ्या प्रश्नांवर तिथे भारदस्त चर्चा व्हावी, क्षणिक आवेगातून निघालेला कायदा आवेग ओसरेपर्यंत थोपवून धरता यावा, आणि राजकारणाच्या धुळवडीत उतरायला नाखूश असलेल्या जाणत्या माणसांना तिथे बोलायला जागा मिळावी. रचनाही त्याला साजेशी केलेली आहे : सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त, आणि सभागृहाचे विसर्जन कधीच नाही. आज २४५ जागा आहेत. त्यांतल्या १२ राष्ट्रपतींनी नामनिर्देशित करायच्या आणि १९ महाराष्ट्राच्या. मंत्रिमंडळ मात्र लोकसभेलाच जबाबदार. म्हणजे हे सभागृह सरकारला अडवू शकते, पाडू शकत नाही. सगळी गंमत आणि सगळे दुखणे या एका वाक्यात आहे.

अडवणे म्हणजे काय, ते ५ सप्टेंबर १९७० रोजी दिसले. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची घटनादुरुस्ती लोकसभेने दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर केली होती. राज्यसभेत बाजूने १४९ मते पडली आणि विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन-तृतीयांश १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. म्हणजे इंदिरा गांधींचे सरकार एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने हरले. सरकारने लगोलग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, लोकसभा विसर्जित झाली, १९७१ ची निवडणूक झाली आणि त्या वर्षअखेर २६ वी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले ते गेलेच. तनखे जायला हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही ते राष्ट्रपतींच्या फर्मानाने न जाता नव्या जनादेशानंतर घटनादुरुस्तीने गेले, यात त्या तिसऱ्या हिश्शाचा वाटा आहे. सव्वा वर्षाचा उशीर झाला. अय्यंगारांनी मागितला होता तो हाच उशीर.

पण मी ज्या चर्चेकडे वारंवार परत जातो ती ३ ऑगस्ट २०१६ ची, वस्तू आणि सेवा कराच्या घटनादुरुस्तीची. या कराचा मागचा-पुढचा इतिहास पक्षीय भांडणाचा उत्तम नमुना आहे. काँग्रेसच्या सरकारने २०११ मध्ये त्याचे विधेयक आणले तेव्हा भाजपच्या ताब्यातल्या राज्यांनी त्याला विरोध केला. २०१४ मध्ये भाजपच्या सरकारने आणले तेव्हा काँग्रेसने अडवले. लोकसभेने ते मे २०१५ मध्ये मंजूर केले आणि राज्यसभेत ते सव्वा वर्ष अडले, कारण तिथे सरकारजवळ बहुमत नव्हते आणि घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांची मते एकत्र मोजणाऱ्या संयुक्त बैठकीची पळवाटही नसते. आधी विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे छाननी करणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीकडे, गेले. मग वाटाघाटी, पत्रे, पुन्हा वाटाघाटी. याच काळात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी असा सवाल केला होता की थेट निवडून आलेल्या सभागृहाच्या शहाणपणावर अप्रत्यक्षपणे निवडून आलेले सभागृह किती वेळा शंका घेणार? ते स्वतः राज्यसभेचेच सदस्य आणि तिथले सभागृह नेते होते. त्याआधीची पाच वर्षे तिथेच विरोधी पक्षनेते होते आणि सरकारला अडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी त्यांना हिणवण्यासाठी सांगत नाही. जुने वृत्तांत वाचणाऱ्याला ही अदलाबदल इतक्यांदा भेटते की तिचे नवल वाटेनासे होते. बाके बदलतात तशी वाक्ये बदलतात. मी तर काही वेळा वहीत जुने पान काढून ठेवतो आणि तोच मुद्दा समोरच्या बाकावरून केव्हा येतो, याची वाट पाहतो.

त्या दिवशीची चर्चा मात्र चर्चा होती. काँग्रेसच्या वतीने पी. चिदंबरम बोलले. त्यांच्या पक्षाच्या मागण्या तीन होत्या : कराच्या दराची कमाल मर्यादा घटनेत लिहा, आंतरराज्य व्यवहारांवरचा एक टक्का जादा कर काढून टाका, आणि राज्यांमधले तंटे सोडवण्याची व्यवस्था ठरवा. पहिली मागणी सरकारने मानली नाही, दुसरी मानली, तिसरीवर शब्दरचना बदलली. पाच वर्षे राज्यांना नुकसानभरपाई देण्याची हमीही पक्की झाली. त्यात टोमणे होते, शेरेबाजी होती, कंसही होते. पण उत्तर देणाऱ्याला उत्तर देण्याची गरज होती, कारण समोरच्याची मते हवी होती. विधेयक २०३ विरुद्ध शून्य अशा मतांनी मंजूर झाले आणि राज्यसभेने केलेले बदल घेऊन पुन्हा लोकसभेत गेले, जिथे ८ ऑगस्टला ते जसेच्या तसे स्वीकारले गेले. एखाद्या विधेयकाने सभागृहात शिरताना घातलेले कपडे बाहेर पडताना बदललेले असले, तर आत काहीतरी घडले, असे मी समजतो. तेवढीच माझी कसोटी आहे.

आणि तरीही या चर्चेत एक खोच आहे, जिच्याकडे मी पुष्कळ दिवस पाहिलेच नव्हते. तो एक टक्का जादा कर कोणासाठी होता? महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू अशा उत्पादक राज्यांसाठी. नवा कर वस्तू जिथे खपते तिथल्या राज्याला मिळणार होता, आणि जिथे ती बनते त्या राज्याचा महसूल बुडणार होता. त्या नुकसानीवर निदान दोन वर्षे फुंकर म्हणून तो घातलेला होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो वाईटच होता, करावर कर चढवणारा, आणि तो गेला ते बरेच झाले. पण राज्यांच्या सभेत राज्यांचा हा सरळ हितसंबंध पक्षांच्या तडजोडीत निघून गेला आणि आमच्या १९ जणांपैकी कोणी ‘महाराष्ट्र’ म्हणून वेगळे मत दिले नाही. सभात्याग केला तो अण्णा द्रमुकने. त्यांचा पक्ष आणि त्यांचे राज्य ही एकच गोष्ट होती. त्यात काँग्रेसची बाजू मांडणारे चिदंबरम नुकतेच महाराष्ट्रातून निवडून आलेले होते. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असावा ही अट २००३ मध्ये काढून टाकण्यात आली आहे आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. त्याआधीही अट नावापुरतीच उरली होती, डॉ. मनमोहन सिंग वर्षानुवर्षे आसामचे प्रतिनिधी होते. ‘राज्यसभा’ या नावातला ‘राज्य’ हा शब्द आता पत्त्यातल्या जुन्या पेठेच्या नावासारखा झाला आहे : पत्र पोचते, पेठ राहिलेली नसते.

पक्षादेशाचे, म्हणजे ‘व्हिप’चे, म्हणाल तर १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून तो मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाते. लोकसभेत हे समजू शकते, कारण तिथे मत फिरले तर सरकार कोसळते. राज्यसभेत सरकार हरले तर काय होते? ३ मार्च २०१५ रोजी राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या आभारप्रदर्शक ठरावाला सीताराम येचुरी यांनी सुचवलेली दुरुस्ती ११८ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाली. सरकारच्या नाकावर टिच्चून झाली, आणि दुसऱ्या दिवशी सरकार होते तिथेच होते. ज्या सभागृहात हरल्याने सरकारचे काही बिघडत नाही, तिथे सदस्याच्या सदसद्विवेकावर एवढा कडक पहारा कशासाठी, याचे उत्तर मला कोणत्याही वृत्तांतात सापडलेले नाही. भाषण करणाऱ्याला माहीत असते की समोरचा माणूस आपले ऐकून मत बदलणार नाही. बदलायचे असले तरी त्याला ते परवडणार नाही. मग तो कोणाशी बोलतो? काही जण कॅमेऱ्याशी बोलतात, ते पाहिल्याबरोबर ओळखू येते. काही थोडे जण वृत्तांताशी बोलतात, म्हणजे पुढे कधीतरी हे वाचणाऱ्या कोणाशी तरी. मला वाटते, माझ्यासारख्याशी.

पक्षादेश नसला तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याकडचे आहे. महिला आरक्षणाचे विधेयक ८ मार्च २०१० रोजी राज्यसभेत आले तेव्हा काही सदस्यांनी सभापतींच्या मेजापाशी जाऊन कागद फाडले. दुसऱ्या दिवशी सात जणांना निलंबित करण्यात आले, मार्शलांनी त्यांना उचलून बाहेर नेले आणि त्यानंतर मतदान झाले : १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे, शेतजमीन बायकोच्या नावावर करायला शेतकऱ्यांना सांगणारे शरद जोशी. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वावर नव्हता, मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होता. स्वतंत्र भारत पक्षाचे ते तिथले एकटेच सदस्य, त्यामुळे त्यांना आदेश देणारे दुसरे कोणी नव्हते. मला त्यांचे मत पटत नाही. पण सात जण उचलून नेल्यावरच्या त्या सभागृहात, जिथे विरोध करणे म्हणजे स्त्रीद्वेष्टा ठरणे होते, तिथे जागेवर बसून विरोधात मत देणाऱ्या माणसाने त्या विधेयकाचा मान राखला, असे मला वाटते. कागद फाडणाऱ्यांनी त्यांच्या आक्षेपाचा एक शब्दही वृत्तांतात शाबूत ठेवला नाही. जोशींचा आक्षेप मात्र आकड्याच्या रूपाने कायमचा राहिला. ते विधेयक लोकसभेत मताला आलेच नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झाले. २०२३ मध्ये नवे विधेयक राज्यसभेने २१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. या वेळी ‘एक’ कोणी नव्हते.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या कार्यालयात एका बैठकीत एका सदस्याने, अगदी शांतपणे, आपला विरोध नोंदवावा असे सांगितले होते. तो मी लघुलिपीत घेतलाही. कच्चे इतिवृत्त वर गेले आणि परत आले तेव्हा त्या परिच्छेदावर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. मी टंकलिखित प्रत तयार केली : ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मान्यता देण्यात आली.’ ‘एकमताने’ हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. तो माझ्या हाताने आपोआप घातला, कारण वाक्य त्यावाचून अपुरे दिसत होते. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला तेव्हा तो सदस्य हजर होता. त्याने प्रत वाचली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही बोलला नाही.

म्हणून मतमोजणी टाळली जाते तेव्हा मला जे अस्वस्थ वाटते, त्यात राजकारण थोडे आणि धंद्याची टोचणी अधिक असते. २९ डिसेंबर २०११ ची रात्र आठवा. लोकपाल विधेयक राज्यसभेत होते, सदस्यांनी १८७ दुरुस्त्या दिल्या होत्या, काँग्रेसप्रणित सरकारजवळ बहुमत नव्हते आणि मित्रपक्षही विरोधात गेले होते. चर्चा रात्री उशिरापर्यंत लांबली, एका सदस्याने मंत्र्यांच्या हातून कागद हिसकून फाडले, आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झाले. मतदान झालेच नाही. तेव्हा विरोधी बाकांवरून ‘पळ काढला’ असा जो गजर झाला तो रास्त होता. त्या विधेयकाचे पुढे भले झाले हेही सांगितले पाहिजे : ते प्रवर समितीकडे गेले, तिथे बदलले आणि डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाले.

नऊ वर्षांनी, २० सप्टेंबर २०२० रोजी, तेव्हा गजर करणारे सत्तेत होते. शेतीची विधेयके प्रवर समितीकडे पाठवावीत अशी विरोधकांची मागणी होती आणि त्यावर मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, हवी होती. पीठासनाचे म्हणणे असे की मतविभागणी मागणारे आपल्या जागेवर नव्हते, आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरलेले होते. विरोधकांचे म्हणणे असे की जागेवरूनही मागणी झाली होती. विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. त्या गदारोळात ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा, हे कोणत्या कानाने ठरवले, ते मी माझ्या वहीत लिहू शकलो नाही, त्या दिवशीच्या माझ्या पानांवर रेघांपेक्षा कंस जास्त आहेत. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांनी गांधीजींच्या पुतळ्यापाशी रात्रभर धरणे धरले आणि सकाळी उपसभापती हरिवंश त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. तो चहा त्यांनी घेतला नाही. या चहाचे कोणी कौतुक केले, कोणी त्याला नाटक म्हटले. मला तो प्रसंग अगदी आपल्या घरांतल्यासारखा वाटला : आदल्या दिवशी जे ऐकून घ्यायला हवे होते ते घेतले नाही, की दुसऱ्या दिवशी चहा करून द्यावा लागतो. कायद्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. वर्षभराहून अधिक काळ शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मंजूर झाले, लोकसभेत चर्चेवाचून आणि राज्यसभेत नाममात्र बोलण्यानंतर. येतानाही मोजणी नाही, जातानाही नाही. समितीकडे पाठवून तीन-चार महिन्यांचा उशीर केला असता तर निदान आक्षेप कोणते, ते तरी छापील स्वरूपात कोणाच्या तरी टेबलावर आले असते.

मोजणी टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो पूर्ण कायदेशीर दिसतो. एखादे विधेयक धन विधेयक, म्हणजे केवळ कर आणि सरकारी खर्चासारख्या बाबींचे, ठरले की राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते, त्याही १४ दिवसांत, आणि त्या लोकसभेने मानायलाच हव्यात असे नाही. आधारचा कायदा २०१६ मध्ये असाच झाला : राज्यसभेने १६ मार्चला दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो मार्ग मान्य केला; न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत देताना त्याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटले. त्यांचे ते भिन्नमत निकालपत्रात छापलेले आहे. न्यायालयांत निळी पेन्सिल चालत नाही, ही त्यांच्या कामातली मला सर्वांत हेवा वाटणारी गोष्ट.

डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत प्रेक्षक सज्जातून दोन तरुणांनी उड्या मारल्या. त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, अशी विरोधकांची मागणी होती. सरकार म्हणत होते की सभागृहाच्या सुरक्षेचा विषय पीठासनाचा आहे. फलक आले, घोषणा आल्या, आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यांतले ४६ राज्यसभेचे. २१ डिसेंबरला राज्यसभेत तीन विधेयके होती. १८६० ची भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे आणणारी. कोणाला अटक कशी व्हावी, पोलीस कोठडी किती दिवस, देशविरोधी कृत्य कशाला म्हणायचे, असे प्रत्येक कलम टोकण्याजोगे. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन बसलो. विरोधी बाके जवळजवळ रिकामी होती. वक्त्यांची वाक्ये सुरू होत, वळणे घेत, आणि क्रियापदापर्यंत सुखरूप पोचत. माझा हात एकदाही अडला नाही. दिवसअखेर पाने चाळून पाहिली तेव्हा ती निवृत्तीनंतरची माझी सर्वांत स्वच्छ पाने होती.